नवजात कक्षात रात्री तीनला कोण असते?

नांदेडच्या विष्णुपुरीतील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळे होती. पुढचा दिवस धरला तर ४८ तासांत ३१ मृत्यू, त्यात १६ बालके. नंतरचे सगळे आपल्याला आठवते. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातून शौचालय साफ करून घेतले, त्याचे चित्रीकरण देशभर फिरले. मंत्री येऊन गेले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधे होती की नव्हती, खरेदी कुठे अडली, घाण किती होती, यावर आठवडाभर वाद झाला. हे प्रश्न खरेच होते. पण एक प्रश्न फारसा कुणी विचारला नाही: त्या कक्षात रात्रपाळीला जी माणसे होती, त्यांतल्या किती जणांना नवजात बाळ सांभाळण्याचे वेगळे प्रशिक्षण होते?

कंधारकरांना हा प्रश्न दूरचा नाही. इथे सातव्या महिन्यात कळा सुरू झाल्या, बाळ जन्मताच रडले नाही, निळे पडले, की वाट ठरलेली. लोहा, सोनखेड, विष्णुपुरी. पन्नासेक किलोमीटर. खासगीत आधी दोन दिवस काढले असतील तर खिसा रिकामा करून, नाहीतर सरळ. कंधार-मुखेडच्या तांड्यांवरून दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेल्या बाईची वाट तर याहून लांब. २०२३च्या त्या मृत्यूंबद्दल प्रशासनाने सांगितले होते की बरीच बाळे खासगी दवाखान्यांतून अखेरच्या अवस्थेत आली होती. हे खरे मानले तरी त्याचा अर्थ ‘आमचा दोष नाही’ एवढाच निघत नाही. त्याचा अर्थ असा की खालच्या पायरीवर बाळ ओळखणारे, सावरणारे आणि वेळेत पुढे पाठवणारे कुणी नव्हते. वरच्या पायरीवर ती सगळी बाळे एकदम येऊन पडली.

नवजात बाळ म्हणजे लहान आकाराचा रुग्ण नव्हे, हे आधी समजून घेऊ. एक किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असते साधारण ८० ते ९० मिलिलिटर, म्हणजे एका कप चहापेक्षा कमी. तपासणीसाठी चार-पाच वेळा हात सैल सोडून रक्त काढले तर बाळ तेवढ्यानेच पांढरे पडते. त्याचा एक श्वास ४ ते ६ मिलिलिटरचा, एका चमच्याएवढा. व्हेंटिलेटरने त्याहून जास्त हवा ढकलली तर फुप्फुस फाटू शकते. ऑक्सिजन कमी पडला तर मेंदूला इजा, जास्त झाला तर डोळ्याच्या पडद्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढून अंधत्व. म्हणून ऑक्सिजनवरच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे सॅच्युरेशन साधारण ९० ते ९५च्या पट्ट्यात ठेवतात. मोठ्या माणसाचे ९९ दिसले की आपण खूश होतो. इथे ९९ दिसले तर ऑक्सिजन कमी करायला धावायचे असते. हे ज्याला कुणी शिकवले नाही तो चांगल्या मनाने बाळाला आंधळे करू शकतो.

हे शिकवणारे शास्त्र म्हणजे निओनॅटॉलॉजी, नवजात शिशूंचे वैद्यक. आपल्या देशात त्यातला डीएम अभ्यासक्रम १९८९ साली चंदीगडच्या पीजीआयमध्ये सुरू झाला. हिशेब मांडून पाहा. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे, बालरोगातली एमडी तीन, वर डीएम तीन. साडेअकरा वर्षे. महाराष्ट्रात मुंबईच्या केईएम आणि सायन रुग्णालयांत हे शिक्षण मिळते, मराठवाड्यात औरंगाबादच्या शासकीय महाविद्यालयात मिळते. औरंगाबाद कंधारपासून तीनशे किलोमीटरच्या आसपास.

‘आम्हाला एवढे मोठे डॉक्टर कशाला, साधा बालरोगतज्ज्ञ मिळाला तरी पुरे,’ असे आपल्याकडे समजूतदार माणसेही म्हणतात. त्यात एक गोष्ट निसटते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात रात्री वॉर्ड कोण चालवतो? प्राध्यापक घरी असतात, फोनवर असतात. वॉर्डात असतो तो शिकणारा निवासी डॉक्टर. ज्या विषयाचा अभ्यासक्रम त्या ठिकाणी आहे, त्या विषयाचा निवासी तिथे रात्री तीन वाजता जागा असतो. अभ्यासक्रम नसेल तर तो निवासीही नसतो. मग सर्वसाधारण बालरोग विभागातला पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा मुलगा किंवा मुलगी न्यूमोनियाची, सर्पदंशाची, तापाची मुले बघता बघता काचेपलीकडची अपुरी बाळेही बघतो. म्हणून डीएमच्या जागा मागणे म्हणजे पदव्यांची हौस नाही. ती रात्रपाळीची मागणी आहे. शिकून तयार झालेले डॉक्टर पुण्याला पळतील हे मान्य. बंधपत्राचे वर्ष संपले की बरेच जातीलही. पण जागा दरवर्षी भरते, आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात तीन तुकड्या कायम कक्षात असतात.

अर्थात डीएमची जागा मागितली की उद्या मिळत नाही. त्यासाठी आधी त्या विषयाचे शिक्षक लागतात, स्वतंत्र युनिट लागते. तोवर एक वर्षाची नवजात शिशू फेलोशिप सुरू करता येते, औरंगाबादच्या निवासींची काही महिन्यांची पाळी नांदेडला लावता येते. नांदेडचे महाविद्यालय १९८८चे आहे. तिथे या विषयाचा स्वतंत्र विभाग असावा ही मागणी काही अवास्तव म्हणता येणार नाही.

आता गर्दीबद्दल. मी सॉफ्टवेअरचे काम करतो, तेव्हा त्या धंद्यातले एक साधे गणित सांगतो. काम करणारा एकच असेल आणि कामे कशीही, केव्हाही येत असतील, तर तो निम्मा वेळ व्यस्त असताना एका कामाला सरासरी दुप्पट वेळ लागतो. ऐंशी टक्के व्यस्त झाला की पाचपट. पंच्याण्णव टक्क्यांना वीसपट. म्हणजे भार थोडासा वाढतो आणि खोळंबा अनेक पटींनी. शंभर टक्क्यांच्या पुढे रांग संपतच नाही. २०२३मध्ये रुग्णालयाला भेट दिल्यावर अशोक चव्हाण यांनी सांगितले होते की पाचशेची क्षमता असताना तिथे बाराशेच्या आसपास रुग्ण आहेत. सर्व्हरवर असा भार आला तर पान उघडत नाही, लोक शिव्या देऊन निघून जातात. इथे सलाईन संपलेले कळत नाही, नळी निसटलेली दिसत नाही, हात न धुताच एका बाळाकडून दुसऱ्याकडे जावे लागते आणि जंतू पसरतात.

या गर्दीत बाळाजवळ उभी असते ती परिचारिका. आमच्या मते सगळ्या चर्चेत तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. व्हेंटिलेटरवरच्या एका बाळामागे एक परिचारिका, फार तर दोघांमागे एक, असा संकेत आहे. तिला बाळाच्या रंगावरून, हालचालीवरून, दूध पचते की नाही यावरून बिघाड आधी कळतो. मॉनिटर नंतर वाजतो. पण हे कळायला वर्ष-दोन वर्षे त्याच कक्षात जावी लागतात. विशेष नवजात कक्षांसाठी चार दिवसांचे वर्ग आणि दोन आठवडे प्रत्यक्ष निरीक्षण असे सरकारी प्रशिक्षण आहे, आणि ते चांगले आहे. अडचण पुढे येते. प्रशिक्षण घेतलेली सिस्टर सहा महिन्यांनी फिरतीच्या नियमाने अस्थिव्यंग वॉर्डात जाते आणि तिथली सिस्टर काचेपलीकडे येते. वायरमनला सुतारकामाला लावावे तसा हा प्रकार. कुठल्याही कंपनीत असे केले तर व्यवस्थापकाची नोकरी जाईल.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१च्या पहाटे नवजात कक्षाला आग लागली तेव्हा कक्षात १७ बाळे होती. सात वाचली, दहा गेली. वाचलेली सात रुग्णालयातच जन्मलेल्यांच्या विभागात होती, गेलेली दहा बाहेरून आणलेल्यांच्या. आपली बाळे विष्णुपुरीला जातात ती याच दुसऱ्या रांगेत.

तेव्हा खालच्या पायरीकडे वळावे लागते, आणि तिथे महाराष्ट्राला परदेशाचे दाखले लागत नाहीत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९०च्या दशकात ३९ गावांत जेमतेम शिकलेल्या गावातल्याच बायांना नवजात बाळ तपासायला, ऊब द्यायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि इंजेक्शन द्यायलाही शिकवले. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी येते ती याच कामाच्या पायावर. आशाताई दारात आली की ‘सगळं ठीक आहे’ म्हणून तिला उंबऱ्यावरूनच वाटेला लावणारी घरे आपल्या मोहल्ल्यांत आहेत. तिला आत बोलवा, बाळ उघडून दाखवा, वजन करू द्या.

मोहल्ल्याचाच विषय निघाला म्हणून दोन गोष्टी. बाळाच्या टाळूला खजूर लावून तहनीक करण्याची आपली रीत आहे, शेजारी मध चाटवतात, गुटी देतात. दवाखान्यातून बाळ सुखरूप घरी येईपर्यंत आणि डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत यातले काहीही तोंडात जाता कामा नये. मध तर वर्षभर नाही. दुसरे, कमी वजनाचे बाळ उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून धरण्याची ‘कांगारू’ पद्धत. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर पुरेनात म्हणून ती सुरू झाली. भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मल्याबरोबर ती सुरू केल्याने अशा बाळांचे मृत्यू चतुर्थांशाने घटले. आई थकली तर अब्बाने धरावे, दादीने धरावे. अब्बांना लाज वाटते, असे सिस्टर सांगतात. अम्मीचे टाके दुखत असताना लाज बाजूला ठेवायला हवी.

२०२०च्या नमुना नोंदणीनुसार पहिल्या २८ दिवसांत दगावणारी बाळे हजारी २० देशात, ११ महाराष्ट्रात आणि ४ केरळात. महाराष्ट्राचा ११ हा आकडा मुंबई-पुण्याला धरून आहे. कंधारचा वेगळा आकडा आपल्याला कुणी सांगत नाही, तो मागावा लागेल.

पुढच्या महिन्यात आपल्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात दोन अर्ज टाकावेत. विष्णुपुरीच्या रुग्णालयाला: नवजात कक्षात मंजूर खाटा किती, गेल्या बारा महिन्यांत दर महिन्याला दाखल बाळे किती, त्यांतली बाहेरून आलेली किती, रात्रपाळीला परिचारिका किती, त्यांपैकी नवजात प्रशिक्षण झालेल्या किती आणि त्या या कक्षात किती महिन्यांपासून आहेत, नवजातशास्त्राच्या फेलोशिपचा किंवा डीएमचा प्रस्ताव पाठवला आहे का, पाठवला असल्यास कोणत्या तारखेला. कंधारच्या ग्रामीण रुग्णालयाला: नवजात स्थिरीकरण कक्ष चालू आहे का, वर्षभरात किती बाळे पुढे पाठवली, पाठवताना सोबत प्रशिक्षित माणूस होता का, आणि पोहोचल्यावर त्या बाळांचे काय झाले याची नोंद ठेवली जाते का. उत्तरे आली की ती जशीच्या तशी आपण इथे छापू.