डीपीत कोणते तेल घालायचे?

मा. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक,
महावितरण, प्रकाशगड, वांद्रे (पूर्व), मुंबई

महोदय,


भर बाजारपेठेत, शाळेच्या कुंपणाला लागून, दवाखान्याच्या दारात ज्या डीपी, म्हणजे वितरण ट्रान्सफॉर्मर, उभ्या असतात त्यांच्याविषयी एक मागणी आहे. अशा जागी नवा ट्रान्सफॉर्मर बसवताना त्यात खनिज तेलाऐवजी नैसर्गिक एस्टर, म्हणजे सोयाबीन, सूर्यफूल यांपासून केलेले तेल असावे. पेटल्यावर जळत राहायला खनिज तेलाला १७० अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान पुरते. एस्टरला ३०० च्या वर जावे लागते. गळालेच तर मातीतले जिवाणू ते लवकर पचवतात.

मला मात्र आगीपेक्षा कागदाचा मुद्दा मोठा वाटतो. आतल्या तारेच्या वेटोळ्यांवरचा विद्युतरोधक कागद ठिसूळ झाला की ट्रान्सफॉर्मरचे आयुष्य सरले. तेल बदलता येते, कागद थोडाच बदलता येतो? उष्णता आणि ओल त्याला खातात. साध्या तापमानाला खनिज तेलात दहा लाख भागांत ५०-६० भाग पाणी विरघळते, नैसर्गिक एस्टरमध्ये १००० च्या घरात. त्यामुळे एस्टर कागदातली ओल आपल्याकडे ओढून घेते आणि कागद जास्त टिकतो. शेतीपंपांच्या हंगामात तापून निघणाऱ्या डीपीला याचा किती उपयोग होईल, हे आपल्या अभियंत्यांना मी सांगायला नको. निविदेत तेलाची चढी किंमत दिसते, कागदाचे वाढलेले आयुष्य दिसत नाही. ते हिशेबात धरावे.

पण सिलिका जेलच्या ब्रीदरमधून हवा घेणाऱ्या जुन्या टाक्यांत हे तेल ओतू नका. समईच्या तळाशी उरलेले तेल चिकट होते, तसे हेही हवा लागून घट्ट होते. टाकी पूर्ण सीलबंदच हवी. शिवाय ४० अंशांना ते खनिज तेलाच्या तिप्पट दाट असते, तेव्हा थंड करणाऱ्या रेडिएटरची आखणीही त्याप्रमाणे करावी लागेल.

मानक नाही, ही सबब आता चालणार नाही. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १६६५९ आहे. जर्मनीत ब्रुखझालला ४२० केव्हीचा ट्रान्सफॉर्मरही वनस्पती तेलावर चालतो. आपण तर ११ केव्हीच्या गोष्टी करतो आहोत.

सरसकट बदल मी मागत नाही. निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करणाऱ्या देशात तो परवडणारही नाही. करंजाच्या अखाद्य तेलावर आपल्याकडे संशोधन झाले आहे. ते पुढे नेण्यासाठी एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला हाताशी धरता येईल.

आणखी एक. डीपीतले तेल चोरीला जाते, हे आपण जाणताच. सोयाबीनचे आहे असे कळल्यावर ते कुणाच्या तरी भज्यांच्या कढईत जायला वेळ लागणार नाही. या तेलात हवेने खराब होऊ नये म्हणून घातलेली रसायने असतात. वापरलेल्या तेलात आणखी काय काय उतरलेले असते. टाकीवर ठळक मराठीत ‘खाण्यास अयोग्य’ असे लिहाच.

कळावे.

आपला,
एक वीजग्राहक