काचेवरची फुली पुसू देऊ नका!

हिंगणघाटच्या आमच्या मोठ्या जाऊबाईंनी गेल्या दिवाळीत प्रोग्रेसिव्ह काचांचा चष्मा केला. जुन्या बायफोकलची ती मधली रेघ त्यांना अगदी नकोशी झाली होती. चांगले आठ हजार मोजले, आणि महिन्याभरात चष्मा कपाटात! शिवायला बसलं की हनुवटी वर करायची, नाहीतर चष्मा हाताने उचलून धरायचा. मान दुखून आली. दुकानदाराचं एकच पालुपद, "काकू, सवय होईल." भावोजी म्हणाले, नंबरच चुकला असणार.

त्या वर्ध्याला आल्या तेव्हा मी त्यांना आमच्या ओळखीच्या चष्मेवाल्याकडे नेलं. त्याने काच आधी लेन्सोमीटरवर ठेवली. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकासारखंच दिसतं हे यंत्र. डोळा लावला की हिरव्या रेघा दिसतात. बाजूची चकती फिरवून त्या स्वच्छ झाल्या की चकतीवरचा आकडा म्हणजे नंबर. मलाही पाहू दिलं त्याने! साध्या काचेचा नंबर मधोमध वाचतात. प्रोग्रेसिव्हमध्ये तो वरून खाली हळूहळू बदलतो, म्हणून मध्ये रेघा धूसरच राहतात. (ही करामत फ्रान्समधल्या बर्नार मेतनाझ या इंजिनिअरची, काच १९५९ साली बाजारात आली.) तेव्हा लांबचा नंबर वरच्या ठरलेल्या जागी वाचायचा, जवळचा खालच्या. दोन्ही डॉक्टरांच्या कागदाशी तंतोतंत जुळले.

मग चुकलं कुठे? तर काचेच्या दोन्ही बाजूंना, एकमेकींपासून ३४ मिलीमीटरवर, दोन अगदी बारीक खुणा कोरलेल्या असतात. तोंडाची वाफ देऊन काच उजेडात तिरपी धरली की दिसतात. कानाकडच्या खुणेखाली बहुधा जवळचा वाढीव नंबर असतो, २० म्हणजे २.००. या खुणा कंपनीच्या तक्त्यावर जुळवून त्याने काचेवर शाईने फुली काढली आणि जाऊबाईंना चष्मा घालून सरळ समोर बघायला सांगितलं. फुली बाहुलीच्या मधोमध हवी. ती चांगली चार मिलीमीटर खाली होती! वाचायचा भागही तेवढाच खाली गेलेला. यंत्राला काचेचा नंबर कळतो, आपलं नाक कुठे आहे ते कसं कळणार? ते फ्रेम चेहऱ्यावर नीट बसवून, पट्टीने, प्रत्येक डोळ्याचं वेगळं मोजावं लागतं.

मैत्रिणींनो, नवीन काचेवर ही फुली छापलेलीच येते, आणि दुकानदार चष्मा देण्याआधी ती चटकन पुसून टाकतो. पुसू देऊ नका. चष्मा घालून त्याच्यासमोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीत बसा आणि फुली कुठे येते ते बघायला लावा. सोबत कुणी असेल तर तिलाही पाहू द्या. कडेला पाहिलं की थोडं हलल्यासारखं होतं, पायऱ्या सुरुवातीला नीट कळत नाहीत. तो मात्र या काचेचा स्वभावच, त्याला आठ-पंधरा दिवस द्यावे लागतात.

जाऊबाईंकडे पावती होती म्हणून दुकानदाराने, कुरकुरत का होईना, काचा बदलून दिल्या. यावेळी फुली पुसायला त्याने फडकं उचललं, तर यांनी त्याचा हातच धरला म्हणे.