‘हिस्सा’ गाळू नका

कायद्याच्या अनुवादात एक शब्द गळाला तर काय होते? कर्जत तालुक्यातील एका सामाईक शेताची कल्पना करा. सातबाऱ्यावर दोन भावांची नावे आहेत. कर्ज एकट्या धाकट्याचे आहे. हुकूमनाम्यानुसार जप्ती होते ती धाकट्याच्या अविभक्त हिश्श्याची. अनुवादकाने ‘शेताची जप्ती’ असे लिहिले, तर न काढलेले कर्ज थोरल्याच्याही माथी बसते.

‘जप्ती’ हा शब्दही फसवा आहे. तो ऐकताच वस्तू उचलून नेल्याचे चित्र डोळ्यांसमोर येते. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ नुसार मात्र स्थावराची जप्ती म्हणजे मुळात ऋणकोस ते विकण्यास वा गहाण टाकण्यास केलेली मनाई होय. पोलिश कायदा तर ठरलेल्या हिश्श्यांची सहमालकी आणि हिस्से नसलेली सहमालकी वेगवेगळी मानतो. दोहोंना ‘संयुक्त’ म्हणून कसे भागेल?

१८७५ च्या दंग्यांत याच नगर जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. कागदावरील शब्दाचे वजन त्यांनी सोसून जाणले होते. म्हणून माझे मत असे की, कायद्याच्या अनुवादात सौष्ठवापायी पुनरुक्ती टाळू नये. ‘हिस्सा’ दहा वेळा आला, तर दहा वेळा लिहावा.