सिगारेट सुटते, मग जीव का घाबरतो?

फौजेत सिगारेट सोडणाऱ्याला एक वाक्य हमखास ऐकावं लागतं : "साहेब, फार चिडचिड करताय आजकाल. एक ओढा, बरं वाटेल." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण सोडलेल्या सिगारेटी परत सुरू होतात, त्या बहुतेक वेळा याच वाक्यावर. माझं मत स्पष्ट आहे. सिगारेट सोडल्यावर होणारी घालमेल ही कमजोरी नाही, आणि सिगारेट हा ताणावरचा उताराही नाही. या दोन गोष्टी आपण जवानांना नीट समजावून सांगत नाही.

हा समज जुना आहे. दोन्ही महायुद्धांत शिपायाला शिध्याबरोबर तंबाखू, सिगारेट मिळायची. अमेरिकन फौजेच्या रेशनमधून तर ती १९७५ साली निघाली. आपल्याकडे सातारा-सांगलीचा पोरगा भरतीला येतो तोच अनेकदा तळहातावर तंबाखू-चुना मळण्याची सवय घेऊन. मग एखाद्या पोस्टवर रात्रीच्या ड्यूटीनंतर विडी पेटते. एका काडीवर चार जण शिलगावतात. त्या चौघांमधली माया खरी असते, आणि आपण तिचं श्रेय निकोटीनला देऊन टाकतो.

आता शरीरात काय होतं ते पाहू. झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं. साधारण दोन तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. मग हात अस्वस्थ होतात, लक्ष लागत नाही, समोरच्याचा राग येतो. पुढची सिगारेट ओढली की हे सगळं शांत होतं आणि आपण म्हणतो, "टेन्शन गेलं." गेलं ते टेन्शन बरंचसं आधीच्या सिगारेटने आणलेलं असतं. घरचा खटला, रद्द झालेली सुट्टी, मुलाची दहावी हे सगळं जिथल्या तिथे असतं.

२०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने २६ अभ्यास एकत्र तपासून केलेलं विश्लेषण छापलं. सोडणाऱ्यांची मनःस्थिती किमान सहा आठवड्यांनी पाहिली, तेव्हा सिगारेट चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत त्यांची चिंता, उदासी आणि ताण कमी झालेला आढळला. म्हणजे पलीकडचा किनारा चांगला आहे. प्रश्न मधल्या पाण्याचा आहे.

हे मधलं पाणी समजायला फौजीला अवघड जाऊ नये. लेहला उतरल्यावर आपण कुणाला लगेच वर पाठवत नाही. पहिल्या टप्प्याला सहा दिवस, मग चार, मग आणखी चार. त्या दिवसांत डोकं दुखलं, झोप उडाली, तर त्या जवानाला कुणी भित्रा म्हणत नाही. शरीर नव्या हवेची सवय करून घेतंय, हे सगळ्यांना ठाऊक असतं. सिगारेट सुटल्यावरही शरीर असंच रुळतं. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट, पहिला आठवडा कठीण, आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेकांची तगमग ओसरते. झोप मोडणं, भूक वाढणं, पोट साफ न होणं, छातीत धडधडल्यासारखं वाटणं हे त्याच वाटेवरचे मैलाचे दगड. मात्र छातीत दुखलं किंवा दम लागला तर अंदाज बांधत बसू नका, तडक डॉक्टरकडे जा.

या काळात उपयोगी पडणाऱ्या गोष्टी साध्या आहेत.

पहिली, चहा-कॉफी निम्म्यावर आणा. सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफिन लवकर संपवतं. धूर बंद झाला की तेच चार मग जास्त चढतात, हात थरथरतात, आणि माणूस समजतो की सिगारेटवाचून जीव घाबरतोय. लंगरचा चहा किती असतो ते मी सांगायला नको!

दुसरी, तलफ काही मिनिटांची असते. फायरिंगला श्वासावर ताबा ठेवायला आपल्याला शिकवलंय. तोच श्वास इथे वापरा. सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर. पाणी प्या, लवंग चघळा, जागा बदला. पाच मिनिटं काढली की लाट उतरते.

तिसरी, पळणं, बॅडमिंटन, व्हॉलीबॉल, काहीही चालेल. पण रोज.

चौथी, सिगारेटच्या जागी तंबाखूची पुडी नको, निकोटीन तेच आहे. आणि पहिले काही आठवडे रमचा ग्लासही दूर ठेवा, कारण दुसऱ्या पेगनंतर निश्चय पातळ होतो.

औषधांची लाज बाळगू नका. निकोटीनचा च्युइंगगम मिळतो. तो बबलगमसारखा चावायचा नसतो. थोडा चावून गालात धरायचा. डॉक्टरला विचारून घ्या, आणि मनाच्या आजाराची गोळी चालू असेल तर सिगारेट सोडतोय हे त्यांना आधी सांगा. काही गोळ्यांची मात्रा बदलावी लागते. १८००-११-२३५६ ही सरकारची तंबाखूमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे.

आता खरा मुद्दा. महिना उलटला तरी जीव घाबरत असेल, रात्री झोप नसेल, कशात मन रमत नसेल, तर त्याचं खापर सिगारेटवर फोडू नका. कदाचित तो ताण आधीपासूनच होता आणि धुराआड दिसत नव्हता. अशा वेळी 'मेडिकल कॅटेगरी जाईल' या भीतीने माणसं आरएमओकडे जात नाहीत. भीती मला कळते. पण न सांगितलेलं दुखणं कॅटेगरीपेक्षा बरंच काही घेऊन जातं. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, आणि तो निवृत्तांनाही तितकाच लागू आहे. पेन्शनीनंतर दुपारी रिकाम्या होतात, आणि रिकाम्या दुपारीच पाकीट आठवतं.

कंपनी कमांडरांना आणि सुभेदार साहेबांना माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या हाताखालचा जवान सिगारेट सोडत असेल तर त्याला तीन आठवडे लेहला उतरलेल्या माणसासारखं वागवा. सलग रात्रीच्या ड्यूट्या शक्य असेल तर टाळा. तो एखादा शब्द जास्त बोलला तर कान थोडा बंद ठेवा. त्याच्यासमोर पाकीट पुढे करू नका. आणि संध्याकाळी पाच मिनिटं त्याच्याजवळ बसा. एका काडीवर चार जण जमायचे ते गप्पांसाठीच ना? मग काडी राहू द्या खिशात, गप्पा चालू ठेवा.