रस्ता रुंद करताना...

रस्ता दोन पदरी आहे आणि गाड्या वाढल्यात, तर काय करायचं? आपलं उत्तर तयार असतं - रुंद करा! पेपरात त्याला मार्कही मिळतात. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कोण राहतं, हा प्रश्न पेपरात कधी येतच नाही.

अमेरिकेत फ्लोरिडामध्ये, ऑर्लँडोजवळ ईटनव्हिल नावाचं छोटंसं गाव आहे. गुलामगिरी संपून जेमतेम बावीस वर्षं झाली होती, तेव्हा १८८७ साली तिथल्या कृष्णवर्णीयांनी स्वतःचं नगर रीतसर स्थापन केलं. महापौर त्यांचा, कारभार त्यांचा. लेखिका झोरा नील हर्स्टन इथेच वाढली. आणि बरोबर शंभर वर्षांनी, १९८७ मध्ये, गावातून जाणारा दोन पदरी रस्ता पाच पदरी करायची योजना कौंटीने आणली. एवढ्याशा गावाच्या मधोमध पाच पदर! गावाचे दोन तुकडेच झाले असते.

गावकरी नुसते ओरडत बसले नाहीत. त्यांनी संस्था काढली, देणग्या जमवल्या, गावाचा इतिहास गोळा केला आणि १९९० पासून झोराच्या नावाने महोत्सव सुरू केला. गावाचं नाव देशभर पोचलं. पाच पदरी रस्ता झालाच नाही. १९९८ मध्ये गावाच्या जुन्या भागाची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांत नोंदही झाली.

लढाई तिथे संपली का? नाही. १८९७ साली कृष्णवर्णीय मुलांसाठी निघालेल्या हंगरफर्ड शाळेची सुमारे शंभर एकर जमीन पुढे कौंटीच्या शाळा-मंडळाकडे गेली. ती बिल्डरला विकायचा व्यवहार २०२३ मध्ये लोकांच्या विरोधानंतर बारगळला.

कुणी म्हणेल, हा विकासाला विरोध आहे. मला तसं वाटत नाही. आपण गाड्या मोजतो, कारण त्या मोजता येतात. आठवणी मोजता येत नाहीत, म्हणून आपण त्या शून्य धरतो. ही चूक गणिताचीच आहे! वर्गणी काढून, सभेत उभं राहून ईटनव्हिलच्या लोकांनी तो शून्य खोडायला लावला.

उद्या आपल्यापैकी कुणीतरी असाच नकाशा काढणार आहे. रेघ मारण्याआधी एकदा तिथे जाऊन, एखाद्या आजीच्या ओट्यावर बसून विचारूया, "आजी, इथे काय काय होतं?" सर्व्हेची सुरुवात तिथूनच व्हायला हवी, नाही का?