इंदापूरची मोजणी आणि शिक्षकाचे वेतन

१. विद्यार्थ्यांच्या गुणांवरून शिक्षकाचे वेतन ठरवावे, ही कल्पना आधुनिक सुधारणा म्हणून मांडली जाते. वास्तविक ती दीडशे वर्षांहून जुनी आहे. ती का फसते, हे समजून घेण्यासाठी आधी शाळेत नव्हे, इंदापूरच्या शिवारात जावे लागते.

२. १८२८ च्या सुमारास पुणे जिल्ह्यात रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने जमिनीची पाहणी हाती घेतली. रिकार्डोचा खंडविषयक सिद्धान्त प्रमाण मानून शेताचे निव्वळ उत्पन्न काढायचे व त्याचा ५५ टक्के भाग सारा म्हणून घ्यायचा, अशी योजना होती. कागदावर हिशेब काटेकोर होता.

३. मात्र त्या हिशेबातील आकडे हाताखालच्या नोकरवर्गाने भरलेले होते. प्रत्येक आकड्यामागे कोणाचा तरी पैसा अडकला होता. साहजिकच लाचलुचपत शिरली आणि जमिनीची प्रत फिरवली गेली. त्यात पिके बुडाली, धान्याचे भाव पडले. शेते पड राहिली, रयत गाव सोडू लागली.

४. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांची फेरपाहणी सुरू झाली, तीही इंदापूर तालुक्यातूनच. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. मातीची खोली व पोत पाहून प्रतवारी केली, सारा हलका केला आणि तो ३० वर्षांसाठी स्थिर ठेवला. पड जमीन पुन्हा लागवडीखाली आली.

५. शाळेच्या बाबतीत हीच चूक इंग्लंडने १८६२ मध्ये केली. रॉबर्ट लो यांच्या नियमावलीनुसार वाचन, लेखन, गणित यांपैकी ज्या विषयात मूल नापास होई, त्या प्रत्येकामागे शाळेचे २ शिलिंग ८ पेन्स बुडत. मग मुलांकडून वाचनपुस्तके घोकून घेतली जाऊ लागली. स्वतः शाळा तपासनीस असलेल्या मॅथ्यू आर्नल्ड यांनी या पद्धतीवर सातत्याने टीका केली. १८९० च्या दशकात इंग्लंडने ती मोडीत काढली.

६. ‘निकालानुसार अनुदान’ ही पद्धत मुंबई इलाख्यातही आली. अखेर १९०४ च्या शैक्षणिक ठरावात कर्झनच्या सरकारने तिच्याकडे पाठ फिरवली. साम्राज्यालाही जे टिकवता आले नाही, ते स्वतंत्र महाराष्ट्राने पुन्हा उचलले.

७. २३ ऑक्टोबर २०१७ चा शासन निर्णय पाहावा. १२ व २४ वर्षांच्या सेवेनंतरच्या वरिष्ठ व निवड श्रेणीसाठी शाळा ‘शाळासिद्धी’त ‘अ’ श्रेणीची असावी. माध्यमिक शाळेचा नववी-दहावीचा निकाल ८० टक्क्यांहून अधिक असावा, अशा अटी त्यात घातल्या गेल्या. शिक्षकांच्या विरोधानंतर त्या वगळण्यात आल्या. पण त्यांमागचा विचार अद्याप जिवंत आहे.

८. बारामती-इंदापुरात तो तपासून पाहावा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखान्यांचा गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगार मुलांसह येतात आणि हंगाम संपताच परततात. अशा मुलाचे गुण कोणाच्या नावावर मांडायचे? गावाकडच्या शिक्षकाच्या, की फडाजवळच्या शाळेतल्या? निकालावर वेतन बांधले, तर या मुलाला दाखल करून घेणारा शिक्षकच शिक्षेस पात्र ठरतो.

९. यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो रास्त आहे: कोणीच तपासले नाही, तर नुकसान गरिबाच्याच मुलाचे होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी वर्षातून एकदाच होणारी तपासणी अपुरी ठरवली. ती किमान दर तिमाहीस आणि पूर्वसूचनेविना व्हावी, असे सुचवले. परंतु त्याच निवेदनात प्रशिक्षित शिक्षकास किमान १२ रुपये वेतन आणि वयाच्या १२ वर्षांपर्यंत सक्तीचे शिक्षण यांचीही मागणी होती. कडक तपासणी आणि शाश्वत वेतन यांत त्यांना विरोध दिसला नाही.

१०. म्हणून चाचणी जरूर घ्यावी, वर्ग जरूर तपासावा. मूल कोठून सुरुवात करते, वर्षात किती दिवस शाळेत असते, याची प्रतवारी आधी करावी आणि गुणांचा उपयोग त्या मुलाला पुढे नेण्यासाठी करावा. वेतनाशी बांधलेला गुण मुलाविषयी खरे सांगेनासा होतो. माती न पाहता सारा ठरवणाऱ्यांना इंदापूरने १८३० च्या दशकातच उत्तर दिले आहे.