बेकु, ब्याडा, नोडोण

आमच्या घरात दिवसभर सर्वांत जास्त बोलले जाणारे शब्द कोणते, याचा कुणी हिशेब ठेवला तर दोनच निघतील : 'बेकु' आणि 'ब्याडा'. सौ. कन्नड माहेरची, मी मराठी शाळेत शिकलेला आणि मुले दोन्हीकडची. बाकी बोलणे मराठीत चालते, पण नाही म्हणायची वेळ आली की सगळेच कन्नडवर येतात. 'ब्याडा'मध्ये जो ठामपणा आहे तो तुमच्या 'नको'मध्ये नाही, असे सौ.चे म्हणणे. त्या वादात मी पडत नाही. पण हे दोन शब्द कॉम्प्युटरच्या बाबतीत मला फार उपयोगी पडले, ते कसे हे आज सांगणार आहे.

मी मराठीचा प्राध्यापक. पण आळंद तालुक्यासारख्या भागातल्या लहान कॉलेजात एका माणसाकडे एकच काम कधी नसते. माझ्याकडे मराठी विभाग आहे, स्नेहसंमेलन आहे आणि संगणक कक्षाची किल्लीही आहे. कक्षात बारा कॉम्प्युटर. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा दुरुस्ती थांबवली. (घरगुती कॉम्प्युटरची नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ती मिळेल, अशी सोय जाहीर झाली.) म्हणजे बाराही यंत्रांना 'फॉरमॅट मारणे' आले. दिवाळीच्या सुट्टीत मी एकटा कक्षात बसलो.

पहिल्या यंत्राने दुपार खाल्ली. आधी फाइली उतरायला वेळ, मग प्रश्नांची सरबत्ती. देश कोणता? कळफलक कोणता? दुसरा कळफलक हवा का? इंटरनेट जोडा. खाते उघडा. पिन द्या. तुम्ही कुठे आहात हे आम्हाला कळू द्याल का? तुम्ही काय करता याची माहिती पाठवू का? जाहिराती तुमच्या आवडीच्या दाखवू का? मुलगी बघायला आलेली माणसेही एवढे विचारत नाहीत! आणि हेच प्रश्न अजून अकरा वेळा यायचे होते.

संध्याकाळी पुण्याला नोकरी करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो हसला. "सर, तुम्ही आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या. आता एक लिहा."

प्रश्न येण्याआधीच उत्तर

वाचकहो, ही सोय नवी नाही. विंडोज एक्सपीच्या सीडीवरही अशी उत्तरपत्रिका तयार करण्याचे साधन असे. सेटअप जे प्रश्न विचारणार, त्यांची उत्तरे एका साध्या मजकुराच्या फाइलीत आधीच लिहून ठेवायची. आजच्या विंडोजमध्ये या फाइलीचे नाव ठरलेले आहे, 'ऑटोअनअटेंड डॉट एक्सएमएल'. ज्या पेन ड्राइव्हवरून विंडोज घालायचे, त्यावर कुठल्याही फोल्डरच्या आत नव्हे तर अगदी वरच ती ठेवायची. सेटअप सुरू झाला की तो स्वतःच ती शोधतो, वाचतो आणि न विचारता पुढे जातो. तोपर्यंत माणसाने चहा प्यावा.

पण उत्तरे लिहायची म्हणजे आपल्याला काय हवे ते आधी माहीत पाहिजे. इथेच माझी गाडी अडली. शेवटी एक फुलस्केप घेतला आणि तीन रकाने आखले : बेकु, ब्याडा आणि 'नोडोण', म्हणजे नंतर पाहू.

बेकु

पहिली नोंद भाषांची. दुकानातून आलेल्या कॉम्प्युटरमध्ये बहुधा इंग्रजीच असते. पण आपल्या भागातल्या पोरांना तीन भाषा लागतात. उत्तरपत्रिकेत इंग्रजी, मराठी आणि कन्नड असे तिन्ही कळफलक एका ओळीत लिहिता येतात. मग विंडोजचे बटण दाबून धरले आणि स्पेसबार दाबला की भाषा बदलते.

यात एक गंमत आहे. भारतीय भाषांसाठी सरकारने 'इनस्क्रिप्ट' नावाची एक मांडणी ठरवली. १९९१ च्या 'इस्की' मानकात ती आहे. तिच्यात मराठीचा 'क' जिथे, तिथेच कन्नडचा 'क'. इंग्रजी 'एच'वर दोन्हीकडे 'प', 'जे'वर दोन्हीकडे 'र'. इतकेच काय, आपल्या दोन्ही भाषांचा लाडका 'ळ'सुद्धा एकाच जागी, शिफ्ट दाबून 'एन'वर. मराठी टंकन शिकलेल्या पोराची बोटे कन्नडसाठी अर्धीअधिक तयारच असतात. सीमेवरच्या घराला याहून चांगली भेट कोणती?

विंडोजमध्येही या भाषा एकाच वेळी आल्या नाहीत. देवनागरीची सोय विंडोज २००० मध्ये आली, कन्नडची पुढच्या वर्षी एक्सपीमध्ये. एक्सपीतही ती निराळी निवडून घालावी लागे. राहिली तर अक्षरांच्या जागी चौकोन दिसत. आजही तोच धडा वेगळ्या रूपात आहे. जुन्या प्रश्नपत्रिका 'मंगल' टंकात आणि कन्नडच्या 'तुंगा' टंकात असतील, तर हे दोन्ही टंक विंडोज १० पासून मूळ संचात नाहीत. मराठी आणि कन्नड भाषा जोडल्या की ते येतात. म्हणजे पाहा, ज्या वस्तू कुणी मागितल्या नव्हत्या त्या आपोआप येतात आणि ज्या लागतात त्या मागून घ्याव्या लागतात!

बेकुच्या रकान्यात आणखी तीन नावे मी ठळक लिहिली : अपडेट, विषाणूरोधक डिफेंडर आणि फायरवॉल. डेटा संपतो म्हणून अपडेट बंद करून टाकणारे पुष्कळ आहेत. त्यांनी २०१७ साल आठवावे. त्या वर्षी १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभरच्या यंत्रांना कुलूप घातले, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचे काम अडले. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. तो ज्यांनी घातला नव्हता त्यांच्या घरात चोर शिरला. डेटा वाचवायचा असेल तर वायफायच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड' हा पर्याय निवडावा, अपडेट मारू नये.

ब्याडा

या रकान्यात नावे भराभर आली. जाहिरातींसाठी दिलेला ओळख-क्रमांक, स्टार्टमधल्या सुचवलेल्या गोष्टी, पट्टीवरचा बातम्या-हवामानाचा फलक, न मागता बसलेले खेळ, लॉकच्या पडद्यावरच्या सूचना. वर्गात शिकवताना कोपऱ्यात क्रिकेटचा स्कोअर चमकला की माझा तास संपलाच! यातले बरेचसे उत्तरपत्रिकेतून किंवा तिने शेवटी चालवलेल्या छोट्या आज्ञांनी बंद होते. एक-दोन यंत्रे असतील तर उत्तरपत्रिकेची गरजही नाही, सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी' उघडून अर्ध्या तासात काम होते. मात्र मोठ्या अपडेटनंतर काही गोष्टी परत आलेल्या दिसतात. तेव्हा तो फुलस्केप फेकू नये.

सगळेच काढता येते असेही नाही. युरोपात कायद्याने कंपन्यांना 'ब्याडा' ऐकायला लावले. तिथे मार्च २०२४ पासून लागू झालेल्या बंधनांमुळे विंडोजबरोबर येणारा एज ब्राउझर वापरणाऱ्याला काढून टाकता येऊ लागला.

नोडोण

हा रकाना सर्वांत महत्त्वाचा ठरला. त्यात पहिले नाव वनड्राइव्ह. मायक्रोसॉफ्ट खात्याने विंडोज सुरू केले की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हमध्ये जाऊ लागतात. मोफत जागा ५ जीबी. घरातल्या एका लग्नाचे फोटो घातले की भरली. पण म्हणून ते एकदम बंद करू नका. आधी फाइली कॉम्प्युटरवर परत आणा, मग बंद करा. नाहीतर डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि घरात रडारड होते.

दुसरे नाव 'रिकॉल'. दर काही सेकंदांनी पडद्याचे चित्र साठवून ठेवणारी ही सोय मे २०२४ मध्ये जाहीर झाली. फार टीका झाली, तेव्हा मालकाने स्वतः चालू केल्याशिवाय ती चालणार नाही असे ठरले. ती खास नव्या धाटणीच्या महाग यंत्रांवरच असते. घरात एकच कॉम्प्युटर चौघे वापरत असतील तर चालू करण्याआधी चौघांना विचारावे.

आणि तिसरे नाव मी चुकून ब्याडात टाकले होते : 'मॅग्निफायर', पडद्यावरचे भिंग. मला ते कधी लागले नव्हते. यादी फळ्यावर लावली तेव्हा दुसऱ्या वर्षाची एक मुलगी तास संपल्यावर थांबली आणि हळूच म्हणाली, "सर, ते ठेवा ना. मला त्याच्याशिवाय वाचता येत नाही." तीन महिने ती माझ्या वर्गात होती आणि तिला कमी दिसते हे मला माहीत नव्हते. ते नाव मी खोडले आणि बेकुत सर्वांत वर लिहिले. आपल्याला नको ते कुणालाच नको, हा हिशेब घरातही चुकतो आणि कॉलेजातही.

जुन्या यंत्रांचे काय?

विंडोज ११ ला किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती लागते. आमची पाच यंत्रे यात नापास. 'अंथरूण पाहून पाय पसरावे', कन्नडमध्येही तेच, 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु'. म्हणून त्या पाचांवर लिनक्स घातले. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली 'बॉस' ही आपल्या भाषांची सोय असलेली लिनक्स प्रणाली डेबियनवर बेतलेली आहे. डेबियनमध्ये उत्तरपत्रिकेला 'प्रीसीड' म्हणतात. तूर पेरण्याआधी आपण बियाण्याला औषध चोळून घेतो, तसाच हा प्रकार! केरळात तर 'आयटी अ‍ॅट स्कूल' प्रकल्पाने शाळांसाठी स्वतःची लिनक्स बांधून घेतली. काय हवे, काय नको हे शिक्षकांच्या गरजेवर ठरले. २०१७ पासून 'काइट' या नावाने तेच काम चालू आहे.

आणि माझी चूक

इथवर वाचून माझे कौतुक वाटले असेल तर थांबा.

उत्तरपत्रिकेत एक प्रश्न असतो, डिस्क पूर्ण पुसायची का? कक्षातल्या यंत्रांवर काही ठेवायचे नव्हते, म्हणून मी 'हो' लिहिले. काम झाले. पेन ड्राइव्ह खिशात घालून घरी मादन हिप्परग्याला आलो. एक छपाई करायची म्हणून तोच पेन ड्राइव्ह घरच्या कॉम्प्युटरला लावला आणि तसाच विसरलो. रात्री वीज गेली. सकाळी मुलाने यंत्र सुरू केले. ते आधी पेन ड्राइव्हकडे पाहील अशी सेटिंग मीच कधीतरी करून ठेवली होती. यंत्राने उत्तरपत्रिका वाचली आणि कुणालाही न विचारता काम सुरू केले. मी आंघोळ करून आलो तेव्हा पडद्यावर माझ्याच हाताने लिहिलेले स्वागत होते.

त्या डिस्कमध्ये माझ्या आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आणि त्याच उन्हाळ्यात अंगणात बसून सासूबाईंनी म्हटलेली बीसुकल्लिन पदे. दोघी एकमेकींची भाषा अर्धीच बोलायच्या, पण जात्यापाशी त्यांचे जमायचे. आई जाऊन तीन वर्षे झाली. सोलापूरला दाखवून आलो. एसएसडी प्रकारच्या डिस्कमधून पुसलेले बहुधा परत येत नाही, कारण ती रिकामी झालेली जागा स्वतःच साफ करून टाकते. उमरग्याच्या बहिणीच्या मोबाइलवर पूर्वी पाठवलेल्या अकरा ओव्या मिळाल्या. बाकीच्या गेल्या. सौ. मला काही बोलली नाही. तिने फक्त सासूबाईंना फोन लावून दिला आणि मी पुन्हा ध्वनिमुद्रणाला बसलो. आईला कुठे फोन लावणार?

म्हणून चार गोष्टी लिहून ठेवा :

१. फॉरमॅटच्या आधी फाइली दोन ठिकाणी ठेवा, त्यातले एक ठिकाण घराबाहेरचे असावे. नेलेल्या फाइली उघडून पाहा.

२. उत्तरपत्रिकेचा पेन ड्राइव्ह वेगळा ठेवा. त्यावर लाल चिठ्ठी चिकटवा. काम झाले की लगेच काढा.

३. उत्तरपत्रिकेत लिहिलेला पासवर्ड सुरक्षित नसतो, जाणकाराला तो सहज वाचता येतो. काम झाल्यावर पासवर्ड बदला.

४. बाजारात मिळणारी 'हलकी' विंडोज किंवा दुसऱ्याने लिहिलेल्या आज्ञांची फाइल डोळे मिटून चालवू नका. त्याच्या ब्याडात तुमचे बेकु असू शकते. उत्तरपत्रिकेने परवानाही मिळत नाही, तो विकतच घ्यावा लागतो.

माझी उत्तरपत्रिका मी पुन्हा लिहिली. भाषा, वेळ, कळफलक, सगळी उत्तरे तशीच आहेत. फक्त डिस्कचा प्रश्न कोरा सोडला. आता सेटअप तिथे येऊन थांबतो आणि विचारतो. विद्यार्थ्यांना मी इतकी वर्षे सांगत आलो, एकही प्रश्न कोरा सोडू नका. हा एक मी मुद्दाम सोडला आहे.